उद्या भाकरी हाय

कुंडलला उसाच्या फडाच्या बांधावर मी पिशवीतून कागद काढले, की कुणीतरी हमखास विचारायचं, "मोजणीला आलायसा का?" एकदा तर एक म्हातारे आपल्या चुलतभावाला हाताला धरून घेऊन आले आणि बांध कसा सरकवलाय ते दाखवायला लागले. मी म्हटलं, "आजोबा, मी जमीन मोजणारी नाही. मी मूल्यमापनाला आलेय." त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे मोजणीच की," ते म्हणाले, आणि बांध दाखवत राहिले.

नोकरीची सगळी वर्षं मी हेच काम केलं, आणि ते काय असतं हे माझ्या सख्ख्या भावालाही नीट सांगता आलं नाही. सोपं करून सांगते. शेतीवर संशोधन करणारी केंद्रं असतात. त्यांना सरकारकडून, कधी परदेशातून मदत मिळते. यंत्रं येतात, लोक शिकायला पाठवले जातात, कामाच्या नव्या पद्धती शिकवल्या जातात. काही वर्षांनी मदत संपते. पीक किती वाढलं ते मोजणारे वेगळे असतात. आम्ही जायचो मदत संपून बराच काळ गेल्यावर, आणि बघायचो ते केंद्रच. मदतीने तिथली माणसं वेगळं वागायला लागली का? आणि मदत गेल्यावरही तशी वागतायत का? आमची कचेरी पुण्यात, माझं घर साताऱ्यात, आणि हिंडणं बहुतेक सातारा-सांगलीत.

या कामात माणसं फार लवकर ओळखू यायला लागतात. याच कुंडलजवळ एका शेतकऱ्याला माझ्यासमोर आणून बसवलं होतं. त्याला उत्तरं इतकी पक्की पाठ होती, की मी पहिला प्रश्न विचारला आणि त्याने दुसऱ्याचं उत्तर दिलं. मी दुसरा विचारला, त्याने तिसऱ्याचं दिलं. शेवटच्या प्रश्नाला बिचाऱ्याकडे काही उरलंच नाही. शिराळ्याच्या भाताच्या केंद्रावर बी वाळवायचं एक यंत्र होतं. इतकं लख्ख यंत्र मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. चौकशी केली तर कळलं, त्याला लागणारी वीजजोडणी कधी आलीच नाही. तिथला शिपाई मात्र रोज सकाळी ते पुसायचा. माझ्या तक्त्यात 'यंत्राची स्थिती' असा रकाना होता. मी 'उत्तम' लिहिलं. खोटं नव्हतं ते.

असले किस्से सांगून मी कचेरीत पुष्कळ हशा मिळवलाय. पण मला लिहायचं आहे ते कवठे महांकाळच्या एका केंद्राबद्दल, आणि त्यात हसण्यासारखं फारसं नाही.

ते कोरडवाहू पिकांचं छोटं केंद्र होतं. माळावर चार खोल्या, पुढे प्रयोगाचे वाफे, शाळूचे. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी; त्या भागात माणसाची भाकरी आणि जनावराचा कडबा दोन्ही त्याच्यावर. केंद्राचे प्रमुख होते डॉ. जाधव. हळू बोलणारे, शर्टाच्या खिशात कायम एखादं कणीस. त्यांच्या हाताखाली क्षेत्र सहायक रशीद मुलाणी. वाफे आखणं, पेरणी, काढणी, गावोगावी बी पोचवणं, सगळं ते करायचे. कवठ्याचेच. सगळे त्यांना रशीदमामा म्हणायचे. मी मात्र तेव्हा 'मुलाणी' म्हणाले, कारण मूल्यमापनाला आलेल्या माणसाने कुणाला मामा म्हणू नये अशी माझी समजूत होती.

या केंद्राला मिळालेल्या मदतीत एक गोष्ट नवी होती. वाण निवडायचा तर तो संशोधकाने एकट्याने निवडू नये, जी माणसं तो पेरणार आणि खाणार त्यांना विचारून निवडावा, असं तिथे शिकवलं गेलं होतं. मदत संपून तीन वर्षं झाली होती. मी बघायला गेले होते, की आता ते विचारतात का.

"विचारतो की," जाधव सर म्हणाले. "चालू आहे ते."

"काही लेखी?"

त्यांनी कपाट उघडलं. मदत चालू होती तोवरच्या फायली काठोकाठ भरलेल्या. बैठकांचे फोटो, हजेरीचे कागद, सह्या, अंगठे. त्यानंतर काही नाही. एकही कागद नाही.

"लिहिणारा माणूस मदतीतूनच होता," सर म्हणाले. "तो गेला. आम्ही काम करत राहिलो, लिहायचं राहून गेलं."

हे वाक्य मी इतक्या केंद्रांवर ऐकलं होतं, की ते माझ्या कानावर पडलं आणि तसंच निघून गेलं. तेवढ्यात सरांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. दारात रशीदमामा उभे होते, हातात माझ्यासाठी चहा.

"मॅडम, उद्या थांबताय का?" त्यांनी विचारलं. "उद्या शेवंताक्काकडं भाकरी हाय. तुमी यावंच."

आता माझा एक नियम होता, आणि त्याचा मला अभिमानही होता. ज्या केंद्राचं मूल्यमापन करायचं, त्याच्या माणसांकडे जेवायचं नाही. जेवणावळी घालून अहवाल गोड करून घेणारे कमी नव्हते. मी चहासुद्धा नाइलाजाने घ्यायचे.

"मी कुणाकडे जेवायला जात नाही," मी म्हणाले. "आणि मला उद्या शिराळ्याला पोचायचंय."

रशीदमामा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं हे मला दिसलं. पण मी 'जेवायला' हा शब्द जरा तोडूनच उच्चारला होता. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी कप उचलला. चहा मी अर्धाच प्यायले होते.

अहवालात या केंद्रासाठी अर्धं पान होतं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'मदत संपल्यावर शेतकऱ्यांना विचारण्याची पद्धत थांबलेली दिसते.' 'दिसते' हा शब्द मी विचार करून घातला होता. आमच्या धंद्यात त्या शब्दावर आम्ही पुष्कळ काही टांगून ठेवतो. पण माझा अहवाल वर गेला, तिथे त्याचा सारांश झाला, सारांशाचा आणखी छोटा सारांश झाला, आणि शेवटच्या कागदावर उरलं ते 'पद्धत थांबली' एवढंच.

मदतीच्या पुढच्या टप्प्यात ते केंद्र नव्हतं. वर्षभरात ते दुसऱ्या मोठ्या केंद्राला जोडलं. जाधव सरांना एका कचेरीत टेबल मिळालं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. प्रयोगाचे वाफे बंद पडले. हे सगळं मला कळत होतं, पण ते लांबून कळत होतं, बातमीसारखं. मी पुढच्या केंद्रांकडे वळले होते.

मी निवृत्त झाले. साताऱ्याच्या घरी मागच्या अंगणात चार झाडं लावली, पुस्तकं लावली. एका संक्रांतीला माझ्या मामेबहिणीची सून माधुरी भेटायला आली. ती कवठे महांकाळच्या पूर्वेला, जतच्या वाटेवरच्या एका गावात शिक्षिका आहे. तिने माझ्यासाठी पिशवीभर शाळू आणला होता.

"मावशी, हा पाच नंबर आहे," ती म्हणाली. "बाजारात नाही मिळत."

"पाच नंबर म्हणजे?"

"काय माहीत. गावात सगळे तसंच म्हणतात. आमच्या शेजारच्या शेवंताक्का देतात. कवठ्याच्या केंद्रातले कुणी रशीदमामा होते, त्यांनी दिलंय म्हणे मूळ बी."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "केंद्र तर बंद झालंय."

"हो. पण मामा अजून येतात ना दर वर्षी. मळणी होऊन रास झाली की भाकरीचा दिवस असतो."

"भाकरीचा दिवस?"

माधुरीने सहज सांगितलं. बायका जमतात, वेगवेगळ्या बियांच्या भाकऱ्या करतात, खाऊन बघतात आणि पुढच्या वर्षी काय पेरायचं ते ठरवतात. ती सांगत होती आणि मला दारात कप घेऊन उभे असलेले रशीदमामा दिसत होते. उद्या भाकरी हाय. तुमी यावंच. तो माणूस मला जेवायला बोलवत नव्हता. मी ज्याचा पुरावा मागत होते, तो दाखवायला नेत होता.

त्या वर्षी रास झाल्याचा माधुरीचा फोन आला आणि मी गेले.

शेवंताक्कांचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे मोठी पडवी. पडवीच्या आढ्याला शाळूच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. तीन चुली पेटल्या होत्या. अक्का सत्तरीच्या, बारीक, खणखणीत आवाजाच्या. माधुरीने माझी ओळख करून दिली, सातारच्या मावशी म्हणून. मी कोण होते ते सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.

दहाच्या सुमाराला रशीदमामा एसटीने आले. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी मला पाहिलं आणि लगेच ओळखलं. चपला काढून ते पडवीत आले आणि शांतपणे म्हणाले, "आलासा, मॅडम. बसा."

एवढंच. 

चार परातींत चार तऱ्हेच्या भाकऱ्या होत्या. कुठली कशाची ते फक्त अक्कांना ठाऊक. प्रत्येक बाई तुकडा मोडायची, खायची, हाताने दुमडून बघायची, आणि पसंतीच्या परातीपुढे एक चिंचोका ठेवायची. एका बाईने तुकडा नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. दुसरीने विचारलं, "हेचा कडबा कसाय गं? म्हैस तोंड लावंल का?" त्यावर पाच मिनिटं वाद झाला. आमच्या प्रशिक्षणात 'सहभागी वाणनिवड' म्हणून जे शिकवत, ते इतकं जिवंत मी कुठेच पाहिलं नव्हतं, मदत चालू असलेल्या केंद्रांवरसुद्धा नाही.

"तू बी खाऊन बघ की," अक्का मला म्हणाल्या. "सांग, कुठली पेरावी?"

मी चारही खाल्ल्या. दुसऱ्या परातीतली पांढरीशुभ्र होती, चवीला गोड. मी चिंचोका तिच्यापुढे ठेवला. बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

"दुकानातलं बियाणं हाय ती," अक्का म्हणाल्या. "आता ताजी हाय, म्हणून गोड लागती. ऱ्हा आज. उद्या दुपारी खा, मग बोल."

मी माधुरीकडे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी फडक्यातून त्याच भाकऱ्या काढल्या. मी पसंत केलेली मोडताना कडकड वाजली. चौथ्या परातीतली, जिच्याकडे मी काल लक्षही दिलं नव्हतं, ती घडी घालता येईल इतकी मऊ होती. तीच पाच नंबर.

"आमी सकाळी थापतो, रानात दुपारी खातो," अक्का म्हणाल्या. "कवा कवा दुसऱ्या दिशी. ताजी खायाला कुणाला सवड हाय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. मदतीच्या काळात केंद्राने आठ पिशव्या बी दिलं होतं, आठ तऱ्हेचं. त्यातली पाचवी केंद्राने कागदावर नापास केली होती, दाणा कमी उतरतो म्हणून. बायकांना मात्र तीच हवी होती. जाधव सरांनी ते ऐकलं आणि बी वाढवायला दिलं. मदत संपली तरी दर वर्षी भाकरीचा दिवस होत राहिला. केंद्र बंद झालं तरीही.

"रशीदला शिराळ्याकडं पाठीवला," अक्का म्हणाल्या. "भाताच्या मुलखात. जलमभर कोरड्या रानात ऱ्हायलेला माणूस, पावसानं पार हैराण झाला. पर भाकरीच्या दिशी रजा टाकून यायचा. येक साल चुकलं न्हाई."

रशीदमामा पडवीच्या कोपऱ्यात बसून कणसं चोळत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मामा," मी म्हणाले. हा शब्द मी पहिल्यांदा वापरला. "ते वाक्य मी लिहिलं होतं. पद्धत थांबली म्हणून. केंद्र त्याच्यामुळं गेलं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "सरांनी वाचून दाखवलं हुतं."

"तुम्ही तेव्हा मला नीट का नाही सांगितलंत? भाकरी म्हणजे काय ते?"

त्यांनी हातातले दाणे फुंकून साफ केले. "सांगणार हुतो. तुमी म्हणलासा, मी कुणाकडं जेवत न्हाई. मला वाटलं, ह्या बाईला आमी लाच देतोय असं वाटतंय. मग माजं बी डोकं फिरलं. म्हणलं, जाऊ दे." पुढचं कणीस उचलत ते म्हणाले, "शिराळ्यात चार वर्षं काढली, मॅडम. बायको हिकडं, मी तिकडं. तवा लय येळा वाटायचं, त्या दिशी बोलाय पायजे हुतं."

मी माफी मागितली, पण ती मागताना तिचा उपयोग किती हे मला कळत होतं. रशीदमामांनी मान हलवली. होकार की नकार ते सांगता येणार नाही.

"आता लिवा," ते म्हणाले. "तवा लिवलं न्हाई, ते आता लिवा."

मी आणखी दोन दिवस राहिले. रशीदमामा मला आजूबाजूच्या गावांत घेऊन गेले. तीन गावांत भाकरीचा दिवस होत होता, त्यातल्या एकात केंद्राचा माणूस कधीच गेला नव्हता. अक्कांची लेक तिथे दिली आहे, तिने नेलं होतं. मी घरोघरी बसले, जेवले, आणि जे पूर्वी अर्ध्या पानात संपवलं होतं त्याची अकरा पानं झाली. शेवटी लिहिलं, की माझ्या आधीच्या अहवालातला निष्कर्ष चुकीचा होता आणि ती चूक माझ्या पाहण्यातली होती. रशीदमामांनी सगळं वाचलं, ओळीवर बोट ठेवून. एका गावाचं नाव चुकलं होतं, ते सुधारायला लावलं. सातव्या पानावर मी त्यांचं कौतुक करणारा परिच्छेद लिहिला होता, तो काढायला लावला.

जुन्या कचेरीतून उत्तर आलं, की तो अहवाल बंद झालेला आहे, त्यात दुरुस्तीची सोय नाही. पण तिथल्या नव्या प्रमुख बाईंनी माझी पानं मोठ्या केंद्राकडे पाठवली, आणि महिन्याभराने तिथून पाच नंबरचं बी चाचणीसाठी मागवलं गेलं. सोबत एक फॉर्म होता, तो घेऊन मी पुन्हा अक्कांकडे गेले. त्यात एक ओळ: वाण कुणी निवडला.

"रशीदचं नाव घाल," अक्का म्हणाल्या. "त्यानं आणलं, आमी नुसतं खाल्लं."

"मी पिशव्या वाहिल्या," रशीदमामा म्हणाले. "निवडलं ह्यांनी."

दोघंही हटेनात. शेवटी गावाचं नाव लिहिलं, आणि कंसात तिथल्या बायका असं. रशीदमामांनी फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही केली.

माळावरचं ते केंद्र पुन्हा सुरू झालं नाही. व्हायचंही नाही. खोल्यांना कुलूप आहे, वाफ्यांत कुसळी गवत माजलंय. चाचणीत पाच नंबरचं काय होईल तेही सांगता येत नाही. दाणा कमीच उतरतो त्याचा, ते काही केंद्राने खोटं लिहिलं नव्हतं.

जाधव सर सांगलीत मुलाकडे असतात. त्यांना फोन करायला मी आठ दिवस लावले. आवाज थकलेला वाटला, पण ओळख लगेच पटली. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. 

"तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "आम्ही लिहून ठेवलं नव्हतं. दोन्ही खरंच आहे. तो मुलाणी तेव्हा माझ्यावरही चिडला होता, की साहेब, तुम्ही का नाही सांगितलं. तुम्हाला पत्र लिहायचं ठरवलं होतं मी. तेही लिहिलं नाही."

मला वाटलं, आता ते फोन ठेवतील.

"कडबा किती निघतो?" त्यांनी एकदम विचारलं.

"कशाचा?"

"पाच नंबरचा. आम्ही दाणा मोजला होता, कडबा नीट मोजायचं राहिलं. माझा अंदाज आहे तो जास्त असणार, म्हणून तर बायका सोडत नाहीत. अक्कांनी कडब्याच्या गंजी वेगवेगळ्या लावल्यात का? पाच नंबरची एक, दुकानातल्या बियाण्याची एक?"

"लावल्यात. मी पाहिल्यात."

"रान सारखंच होतं दोन्हीचं?"

"ते विचारलं नाही."

"विचारा. किती गुंठ्यांची गंज तेही विचारा. मग पेंढ्या मोजा, आणि पाचपंचवीस पेंढ्यांचं वजन करा. वरच्या नका घेऊ, त्या वाळलेल्या असतात. मधल्या घ्या." आवाजातला थकवा कुठे गेला होता कोण जाणे. "आणि लिहून घ्या."

मी रशीदमामांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याहून निघाले आणि एसटी बदलत कवठ्याला पोचले. स्टँडवर रशीदमामा पेंढ्या तोलायचा ताणकाटा खांद्याला अडकवून उभे होते.